विमान जमिनीवर असते तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेल्या एका तरुणाला घेऊन त्याचे वडील विश्रामबागच्या आमच्या दवाखान्यात आले. तासगाव रस्त्यावरच्या एका गावचे हे कुटुंब. दोन एकर द्राक्षबाग, आणि हा थोरला मुलगा एका मोठ्या शहराच्या विमानतळावर विमानात सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला. वय सत्तावीस. वडील म्हणाले, "डाक्टरसाहेब, पोरगं रातभर खोकतंय बघा. गावात समदी म्हणत्यात, पोरगं विमानात हाय. आन् ह्याला घरचा जिना चढताना दम लागतोय."

आपल्या भागात दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला की डॉक्टरच्या मनात पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो यायलाच हवा. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दोन्ही स्वच्छ. वजन घटलेले नाही, ताप नाही. विडी-सिगारेट नाही. छातीला नळी लावली तर श्वास सोडताना बारीक शीळ ऐकू येत होती. म्हणजे दमा. पण घराण्यात दमा नाही, लहानपणी कधी त्रास नाही. मग सत्ताविसाव्या वर्षी हा आला कोठून?

अशा वेळी डॉक्टरने औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि गर्दीच्या दवाखान्यात तोच राहून जातो. "तू दिवसभर नेमके काय करतोस?" मी तो विचारला. मुलगा सांगू लागला आणि मला माझ्याच अज्ञानाची लाज वाटली. आपल्याला विमान माहीत असते ते आकाशातले, किंवा खिडकीतून दिसणारे. त्याला माहीत होते ते पोटाखालून दिसणारे. विमान येऊन उभे राहिले की पंधरा-वीस मिनिटे वाकून, त्याच्या पोटातून बॅगा काढायच्या. शेजारी डिझेलचा ट्रॅक्टर चालू, पलीकडे डिझेलचा जनरेटर चालू, आणि विमानाच्या शेपटीतून सतत गरम वाफाळता वारा. "सर, मोठी इंजिनं बंद केली तरी विमान गप होत नाही. शेपटीतलं बारकं इंजिन चालूच असतंय," तो म्हणाला.

हे बारके इंजिन काय प्रकरण आहे ते आधी समजून घेऊ. त्याला एपीयू म्हणतात. विमान उभे असताना आतले दिवे, यंत्रे आणि मुख्य म्हणजे वातानुकूलन चालवण्यासाठी ते लागते. आपल्या मुंबई-पुण्याला येणारी मध्यम आकाराची जी विमाने असतात, त्यांचे हे इंजिन तासाला साधारण १०० किलो इंधन पिते. विमानाचे इंधन म्हणजे उत्तम शुद्ध केलेले रॉकेलच. एक किलो जळाले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनापेक्षा वायूचे वजन जास्त कसे, असे विचारणारे वाचक असतील. जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो, त्याचे ते वजन.

आता मोठ्या इंजिनांचे पाहा. विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाते तेव्हा अशा विमानाची दोन्ही इंजिने मिळून मिनिटाला सुमारे १० ते १२ किलो इंधन जाळतात. रांग मोठी असली आणि दहा मिनिटे अशी गेली, तर जवळपास ३५० किलो कार्बन डायऑक्साइड झाला. रोज दहा किलोमीटर मोटरसायकल चालवणारा आपला माणूस दोन वर्षांत जेवढा सोडतो तेवढा. विमान अजून जमिनीवरच आहे!

पण एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोकळ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आपल्या फुप्फुसांना इजा करीत नाही. तो पृथ्वी तापवतो, पाऊस बिघडवतो. त्या मुलाच्या छातीत शीळ वाजली ती त्या वायूमुळे नव्हे, तर त्याच इंधनाबरोबर जे बाकीचे बाहेर पडते त्यामुळे. इंजिन मंद चालते तेव्हा इंधन पुरते जळत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेले, डोळे चुरचुरवणारे वायू जास्त निघतात. इंजिन पूर्ण जोरात असते तेव्हा नायट्रोजनची ऑक्साइडे जास्त. आणि दोन्ही वेळी निघतात ते अतिसूक्ष्म कण.

हे कण ०.१ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा, यावरून कल्पना करा. नाकातल्या केसांना, घशातल्या चिकट अस्तराला ते सापडत नाहीत. थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि त्यांतले काही तेथून रक्तातही उतरतात. गंमत अशी, की त्यांना वजनच नसते म्हटले तरी चालेल. चौकाचौकांत हवेची प्रत दाखवणारे जे फलक लागलेले असतात ते धूळ वजनाने मोजतात. त्यामुळे हे कण लाखोंनी असले तरी फलकावर आकडा फारसा हलत नाही. भारताच्या २००९ च्या हवेच्या मानकांत बारा प्रदूषकांची यादी आहे, त्यात अतिसूक्ष्म कणांची संख्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या शिफारशींत यासाठी पक्की मर्यादा दिली नाही. फक्त एवढे म्हटले, की दिवसभराच्या सरासरीत एका घनसेंटीमीटर हवेत दहा हजारांहून जास्त कण म्हणजे प्रमाण जास्त समजावे.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या विमानतळावर हे कण मोजले गेले. विमाने उभी राहतात त्या फरशीवर त्यांची संख्या त्या शहरातल्या सर्वांत वर्दळीच्या रस्त्याच्या दोन ते तीन पट भरली. हा आकडा बाहेर आला तो तेथल्या कामगार संघटनांनी विषय लावून धरल्यामुळे. त्यानंतर तेथे विमान उभे असताना शेपटीतले इंजिन काही मिनिटांपुरतेच चालवायचे, असा नियम पाळला जाऊ लागला, आणि डिझेलच्या गाड्या हळूहळू बदलल्या गेल्या.

कुंपणाबाहेरच्यांनीही निर्धास्त राहावे असे नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विमानतळाच्या वाऱ्याच्या दिशेला सोळा किलोमीटरपर्यंत अतिसूक्ष्म कणांची संख्या दुप्पट आढळल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याहून मला विलक्षण वाटला तो २०१६ साली प्रसिद्ध झालेला श्लेंकर आणि वॉकर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास. कॅलिफोर्नियातील १२ विमानतळांभोवती दहा किलोमीटरच्या आत सुमारे ६० लाख लोक राहतात. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडच्या विमानतळांवर हवामानामुळे खोळंबा झाला, की इकडे कॅलिफोर्नियात विमाने इंजिने चालू ठेवून रांगेत उभी राहतात. म्हणजे इकडची हवा, इकडचा ऋतू काही बदललेला नसतो. फक्त रांग लांबलेली असते. अशा दिवशी आसपास कार्बन मोनॉक्साइड वाढला, आणि दम्याने व हृदयविकाराने रुग्णालयात येणाऱ्यांची संख्याही वाढली. लहान मुले आणि म्हातारी माणसे त्यात पुढे. तिकडे बर्फ पडले आणि इकडे एखाद्या आजीला धाप लागली, असा हा प्रकार. विमानाच्या रांगेचा आणि छातीचा संबंध इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

मग विमानतळ कार्बन कमी करतात म्हणजे काय करतात? गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत "हरित विमानतळ" असे मथळे पुष्कळ येतात. केरळमधले कोचीचे विमानतळ ऑगस्ट २०१५ पासून आपली वीज सूर्यापासून घेऊ लागले. जगात असे ते पहिलेच, आणि आपल्याला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाने २०२२ साली आपली सगळी वीज जल, पवन आणि सौर अशी करून घेतली. दिल्लीनेही त्याच वर्षी तसे केले. युरोपात २००९ साली विमानतळांच्या संघटनेने कार्बनच्या हिशेबाची पायऱ्यापायऱ्यांची एक पद्धत सुरू केली, ती आज जगभर चालते. पहिल्या पायरीला नुसते मोजायचे, दुसरीला आपले उत्सर्जन कमी करायचे, तिसरीला विमान कंपन्यांना व इतरांनाही त्यात ओढायचे, आणि पुढे जे उरले त्याची दुसरीकडे भरपाई करायची.

येथे वाचकांनी जरा सावध होऊन वाचावे. या हिशेबाच्या वह्या तीन असतात. विमानतळाने स्वतः जाळलेले डिझेल ही पहिली. विकत घेतलेली वीज ही दुसरी. आणि इतरांनी त्याच्या आवारात जाळलेले इंधन, म्हणजे विमानांची इंजिने, विमान कंपन्यांच्या गाड्या, प्रवाशांच्या टॅक्सी, ही तिसरी. सगळ्यांत जाड वही तिसरी असते, आणि "आम्ही कार्बनमुक्त झालो" असे जेव्हा जाहीर होते तेव्हा ते बहुधा पहिल्या दोन वह्यांबद्दल असते. इमारतीतले दिवे पवनचक्कीच्या विजेवर लागले ही चांगलीच गोष्ट. कोठेतरी दगडी कोळसा तेवढा कमी जळतो, आणि त्या कोळशाच्या चिमणीखाली राहणाऱ्यांची छाती वाचते. पण विमानाच्या पोटाखाली वाकलेल्या मुलाच्या श्वासात त्याने काही फरक पडत नाही. आणि कार्बनची भरपाई म्हणून कोठे दूर झाडे लावली, तर पृथ्वीच्या हिशेबात ती जमा होतील कदाचित. त्याच्या फुप्फुसाच्या हिशेबात नाही. ज्या उपायाने इंधन त्या जागी जळायचे थांबते, तोच उपाय डॉक्टरच्या कामाचा.

असे उपाय आहेत, आणि ते काही चंद्रावरचे नाहीत. विमान उभे राहिले की जमिनीतून किंवा पुलाखालून विजेची केबल आणि गार हवेची जाड नळी त्याला जोडायची. मग शेपटीतले इंजिन बंद. मोठ्या विमानतळांवर अशी सोय बऱ्याच जागी असते. अडचण येते ती वापरण्यात. विमान लांबच्या जागी उभे राहिले, नळी वेळेवर आली नाही, आत प्रवासी उकाड्याने ओरडू लागले, की वैमानिक ते इंजिन चालूच ठेवतो. त्याचेही चुकते असे म्हणता येत नाही. मे महिन्यात बंद विमानात बसून पाहावे. म्हणून सोय असणे आणि ती दोन मिनिटांत हाताशी येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा उपाय डिझेलच्या ट्रॅक्टरांऐवजी विजेचे ट्रॅक्टर. विमानतळावरच्या गाड्या थोड्या अंतरात, हळू, फेऱ्या मारतात आणि मध्येमध्ये थांबतात. विजेच्या गाडीला याहून सोपे काम नाही. तिसरा, रांगताना एकच इंजिन चालवणे. पुष्कळ कंपन्या ते करतात, कारण त्यात त्यांचेच इंधन वाचते; फक्त उड्डाणापूर्वी दुसरे इंजिन काही मिनिटे तापवावे लागते एवढे भान हवे. चौथा, विमानाला थेट धावपट्टीच्या तोंडापर्यंत ओढून नेणारे यंत्र. टॅक्सीबॉट असे त्याचे नाव. वैमानिकच ते विमानातून चालवतो आणि मोठी इंजिने तोवर बंद राहतात. दिल्लीला ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रवासी घेतलेल्या विमानासाठी ते पहिल्यांदा वापरले गेले. आणि प्रवाशांच्या गाड्यांचे म्हणाल, तर मुंबईत ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो सुरू झाली आणि दोन्ही टर्मिनलांना स्थानके मिळाली. आपल्याकडून मुंबईला जाऊन विमान धरणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. अंधेरीच्या कोंडीत टॅक्सीत बसण्यापेक्षा बरी.

आता आपल्या घरचे. कवलापूरला जुनी धावपट्टी आहे आणि तेथे विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची मागणीही जुनीच आहे. आमच्या या रुग्णाच्या वडिलांनीही विचारलेच. "डाक्टर, आमच्या शेजारीच विमानतळ करायचं म्हणत्यात. मग आमच्या पोरांच्या छातीचं पण असंच व्हायचं काय?"

मी त्यांना म्हटले, आबा, दिवसाला दोन-चार छोटी विमाने आली तर तुमच्या गावाला त्याचा धूर बाधेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, वीटभट्ट्या हिवाळाभर जळतात, वडापच्या जीपा काळा धूर सोडत जातात, त्याने बाधते त्याच्या मानाने ते काहीच नाही. भीतीपोटी विमानतळ नको म्हणायचे कारण नाही. मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावाला विमानाचा उपयोगही आहे. पण मागणी करायचीच तर पुरती करावी. फरशी ओतण्याआधी तिच्याखालून विजेच्या केबलची वाट ठेवणे स्वस्त असते. नंतर फरशी फोडून ती ठेवणे फार महाग. पहिला ट्रॅक्टर विजेचा घेतला तर दुसरा आपोआप विजेचा येतो. छोटे विमानतळ हे सगळे पहिल्या दिवसापासून करू शकते. मुंबईला जे जुन्या इमारतींच्या दाटीत, चालत्या कामात करावे लागते, ते येथे कोऱ्या जागेवर करता येईल.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्या भागात छोट्या विमानतळांवर पंख्याची एटीआर विमाने येत असतात. त्यांना शेपटीत बारके इंजिन नसतेच. उभे असताना उजव्या बाजूचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि त्याच मोठ्या इंजिनावर दिवे व हवा चालवतात. म्हणजे पंखा फिरत नाही म्हणून इंजिन बंद आहे असे पाहणाऱ्याला वाटते, आणि माणसे मागे शांतपणे काम करीत असतात. जमिनीवरून वीज दिली तर तेही बंद ठेवता येते. कोल्हापूरच्या उजळाईवाडीला १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, पुण्याच्या लोहगावलाही त्याच दिवशी. या इमारतींच्या दगडी कमानींचे, वाड्यांसारख्या रूपाचे कौतुक झाले, आणि ते योग्यच. त्याबरोबर विमान उभे राहिल्यावर केबल किती मिनिटांत जोडली जाते, हा प्रश्नही कोणीतरी विचारावा असे मला वाटते. (विमान चालवायला शिकवणाऱ्या छोट्या विमानांचे पेट्रोल वेगळे असते आणि पुष्कळदा त्यात शिसे असते, तो विषय स्वतंत्र आहे, पुन्हा कधीतरी.)

आता रुग्णांसाठी. विमानतळावर, बस आगारात, जनरेटरजवळ, किंवा जेथे इंजिने चालू ठेवून माणसे काम करतात अशा ठिकाणी कोणी घरचे असेल, आणि त्याला खोकला किंवा धाप असेल, तर एक साधे यंत्र घ्यावे. पीक फ्लो मीटर म्हणतात त्याला. प्लास्टिकची नळी असते. जोरात फुंकली की काटा सरकतो आणि श्वास किती वेगाने बाहेर पडतो तो आकडा दिसतो. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी तीनदा फुंकून, त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. कामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्या दिवशीही. तीन-चार आठवडे असे लिहिले, की कामाने आकडा पडतो का आणि सुट्टीत वर येतो का, ते डॉक्टरला एका नजरेत कळते. दमा कामामुळे आहे की नुसताच आहे, हे ओळखायला याहून स्वस्त तपासणी नाही.

तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. एन-९५ जातीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क अडवतो. पण फरशीच्या उन्हात तो आठ तास कोणी लावून ठेवील अशी अपेक्षा करू नये. निदान इंजिन चालू असताना जवळ जावे लागते तेवढी वेळ तरी लावावा. पंप दोन प्रकारचे असतात. धाप लागल्यावर लगेच आराम देणारा एक, आणि रोज नेमाने घ्यायचा, सूज उतरवणारा दुसरा. आपल्याकडे पहिला संपेपर्यंत वापरतात आणि दुसरा "सवय लागेल" म्हणून कपाटात ठेवतात. सवय लागत नाही. घेतल्यावर चूळ मात्र भरावी. आणि दम्याचा रुग्ण विमानाने प्रवास करणार असेल तर पंप हातातल्या पिशवीत ठेवावा. सामानात टाकलेला पंप विमानाच्या पोटात जातो आणि गरजेला मिळत नाही.

आमचा मुलगा वही घेऊन गेला. महिन्याभराने वडिलांनी ती मला आणून दाखवली. त्याने टपालाने पाठवली होती. गावी असताना सकाळचा आकडा ४८०. कामावर गेल्यावर तिसऱ्या दिवसापासून ४००, कधी ३८०. साप्ताहिक सुट्टीला ४३०. दर आठवड्याला तीच चढउतार. एका आठवड्यात मात्र आकडा पडलेला नव्हता, आणि समोर त्याने लिहिले होते, "या आठवड्यात ड्यूटी आत, बॅगांच्या पट्ट्यावर."

ते पान मी माझ्या पत्रासोबत त्याच्या वरिष्ठांना द्यायला सांगितले. त्याला कायमचे आतले काम मिळावे अशी विनंती केली आहे. उत्तर अजून आलेले नाही. वडील विचारत होते, की त्याच्या जागी बाहेर कोण जाणार. त्याचा त्याच खोलीत राहणारा मित्र जाणार आहे. त्यालाही एक वही पाठवून दिली आहे.